दोन डोंगरांच्या मधला सूर्य

आमच्याकडे कुणाच्याही हातात कोरा कागद द्या, तो दोन डोंगर काढतो. पोर असो, पोलीस असो, नाहीतर दातांचा डॉक्टर असो. शेजारी शेजारी दोन टोकदार डोंगर, बरोबर मधोमध किरणांसकट सूर्य, तिथून निघून कागदाच्या खालच्या कडेपर्यंत रुंद होत आलेला रस्ता, रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं आणि वर चार पक्षी. हे कुणी कुणाला शिकवत नाही. सबंध जावा बेटावर शाळाशाळांतून हेच चित्र निघतं आणि मास्तरही सगळ्यांना सारखेच गुण देऊन मोकळे होतात, कारण त्यांना तरी दुसरं काय येतं!

तेव्हा पाक वार्दोयोंनी निवृत्तीनंतर जे पहिलं चित्र काढलं त्यात दोन डोंगर आणि मध्ये सूर्य होता, याबद्दल त्यांना नावं ठेवायचं काही कारण नव्हतं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जन्म काढलेला सज्जन माणूस. गल्लीत त्यांना नुसत्या नावानं कधी कुणी हाक मारली नाही, सगळ्यांचे ते ‘पाक वार्दोयो’. वडीलधाऱ्या माणसाला आमच्याकडे ‘पाक’ म्हणतात आणि बाईला ‘बू’. बायकोसुद्धा खडसवायची ती ‘पाक’ म्हणूनच. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या आणि वर ‘एखादा शांत छंद लावून घ्या’ म्हणून सांगितलं. डॉक्टरांचं काय जातंय सांगायला! पाकांनी रंगाची पेटी आणली, गच्चीवर खुर्ची टाकली, मान खाली घातली आणि हाताला येतं ते काढलं.

आता गंमत अशी, की आमच्या तेमांगुंगात त्या गच्चीवरून खरेखुरे दोन डोंगर दिसतात. डावीकडे सुंबिंग, उजवीकडे सिंदोरो. दोघेही ज्वालामुखी, दोघेही आभाळाला टेकलेले. ते समोर उभे असताना पाकांनी एकदाही मान वर केली नव्हती. जन्मभर ज्यांच्या पायाशी राहिलो त्यांच्याकडे बघायचं काय?

इतक्यात बू वातिनी, म्हणजे त्यांची बायको, धुण्याची बादली घेऊन वर आली.

“हे काय काढलंय?”

“दिसत नाही? सुंबिंग आणि सिंदोरो.”

“आणि हे पिवळं?”

“सूर्य.”

“पाक, सकाळची वेळ आहे. सूर्य तुमच्या टकलावर आहे. मागून.” एवढं बोलून तिनं त्यांचा बनियन दोरीवर वाळत घातला आणि ती खाली गेली.

माणसाचा अपमान झाला की तो उत्तर शोधायला वर बघतो. पाकांनी वर बघितलं, आणि उत्तर राहिलं बाजूला. सुंबिंग निळा नव्हताच! शाळेत खडूनं घासला तसला निळा तर मुळीच नव्हता. पायथ्याला तंबाखूच्या शेतांचा ओला हिरवा, त्याच्यावर जांभळट, मध्येच उन्हात उजळलेली विटकरी घडी, आणि माथ्याला असा काही रंग, की पेटीतल्या बारा वड्यांपैकी एकीचीही तिथं पोचण्याची ऐपत नव्हती. बघता बघता कुठूनसा एक ढग आला आणि डोंगराच्या खांद्यावर टेकला. त्याची सावली उतारावरून सरकत खाली आली, शेतं काळवंडली, पुन्हा उजळली. हे सगळं रोज होत होतं. पाक कचेरीत बसून पाण्याच्या जोडण्या मंजूर करत होते तेव्हाही होत होतं, आणि त्यासाठी कुणी परवानगी मागितली नव्हती. पाकांच्या हातातला कुंचला वाळून कडक झाला.

“वातिनी!” ते ओरडले. “वर ये! डोंगर बघ!”

“का? गेले का कुठं?” खालून आवाज आला.

त्या दिवसापासून पाकांनी नेम धरला. रोज एक चित्र, समोर बसून, आणि जे दिसतं तेच. मनातलं काही घालायचं नाही. ऐकायला हे फार सोपं वाटतं. पण डोंगर हा माणूस असता तर त्याला एका जागी बसवता तरी आला असता. पाकांनी सकाळी रेघ मारावी, रंग कालवेपर्यंत ढगांनी माथा झाकावा. ढग काढायला घ्यावेत तर माथा पुन्हा बाहेर. ‘अरे, जरा थांबशील का!’ असं ते सिंदोरोवर खेकसले, तेव्हा शेजारच्या गच्चीवरच्या बाईनं त्यांच्या तब्येतीची चौकशी केली. दमट हवेत रंग वाळेना म्हणून त्यांनी बायकोचा केस वाळवायचा ड्रायर वर नेला. खाली भाताचं विजेचं भांडं चालू होतं. वीज आमच्या घरांना बेताचीच. घर अंधारलं, भात कच्चा राहिला, आणि ड्रायर कपाटात कुलूपबंद झाला. तेव्हापासून चित्रं धुण्याच्या दोरीवर, चिमटे लावून, बनियनांच्या शेजारी वाळू लागली.

आणि दोरीवर आलं ते गल्लीचं झालं. कोपऱ्यावर तेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीची, भजी तळणारी बू यायुक भज्यांबरोबर मत फुकट देते.

“पाक, चित्र बरंय. पण ओकंओकं वाटतं. एखादी म्हैस घाला.”

“म्हैस तिथं नाहीये.”

“मग रस्ता तरी? आणि पक्षी? आणि काय हो, सूर्य कुठाय?”

सूर्य! ज्याला त्याला सूर्य हवा होता. पाकांना वाटलं, आपण एकदाचा याचा निकाल लावावा. ते कोरडे दिवस होते. महिनाभर ते संध्याकाळी गच्चीवर जाऊन बसले आणि त्यांनी पुरती खात्री करून घेतली. सकाळी सूर्य पाठीशी उगवतो आणि संध्याकाळी पार उजवीकडे, सिंदोरोच्याही पलीकडे जाऊन बुडतो. दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीकडे तो ढुंकूनही बघत नाही. म्हणजे सबंध देशातली पोरं पिढ्यान्‌पिढ्या धादांत खोटं चित्र काढत होती आणि हे फक्त पाक वार्दोयोंना कळलं होतं. एवढं ज्ञान पोटात घेऊन माणसानं गप्प कसं बसावं?

संधी लौकरच आली. आमच्या गल्लीचे मुखिया पाक एर्ते. त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोला ठाऊक असेल तर असेल. गल्लीचा कारभार बघतो तो एर्ते, म्हणून पाक एर्ते. ठराव आणि शिक्का या दोन गोष्टींवर त्यांचा फार जीव. गल्लीच्या तोंडाशी पहाऱ्याची चौकी आहे, तिच्या भिंतीला नुकताच चुना लावला होता. महिन्याच्या बैठकीत पाक एर्तेंनी सुचवलं, की स्वच्छ गल्ल्यांच्या स्पर्धेसाठी पाक वार्दोयोंनी त्या भिंतीवर छानसे दोन डोंगर काढावेत, मधोमध सूर्य.

पाक उभे राहिले. “सूर्य नाही,” ते म्हणाले. “त्या खिंडीत सूर्य कधीच येत नाही. मी स्वतः बघितलंय. ज्या दिवशी तो तिथं दिसेल, त्या दिवशी मी याच भिंतीवर शाळकरी पोरासारखं चित्र काढीन आणि खाली हातभर अक्षरांत माझं नाव घालीन!”

टाळ्या पडल्या. का पडल्या ते कुणालाच नीट कळलं नाही, पण बोलणं ठसक्यात झालं होतं. बू वातिनी मागं बसून काहीतरी म्हणणार होती, तेवढ्यात चहा आला. भिंत कोरी राहिली.

मग पावसाळा लागला आणि पाक अक्षरशः वेडे झाले. कोरड्या दिवसांत डोंगर नुसते सुंदर होते. आता ते बोलायला लागले. सकाळी सुंबिंगच्या डोक्यावर शेतकऱ्याच्या बांबूच्या टोपीसारखा पसरट ढग बसायचा. दुपारी खिंडीतून काळोख वर चढायचा, आणि त्या काळोखात किती रंग! कुणी शाईत दूध ओतावं तसे ढग फुटायचे. पाऊस डोंगरावरून उतरताना दिसायचा, आधी वरची शेतं पुसली जायची, मग खालची, मग मशिदीचा घुमट, आणि पहिला थेंब कागदावर पडेपर्यंत पाक खुर्चीवर तोंड उघडं टाकून बसलेले असायचे. भिजलेल्या कागदाबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. त्या थेंबानं रंग जसा पसरायचा तसा आपल्याला सात जन्मांत पसरवता येणार नाही, असं ते स्वतःच म्हणायचे. संध्याकाळी मात्र बघण्यासारखं काही उरत नसे. सगळं झाकलेलं. पाक खाली येऊन आल्याचा काढा घेत.

इथवर ठीक होतं. पण बू यायुक रोज पापड्या वाळत घालण्याआधी पाकांच्या दोरीकडे बघायला लागली. काळं चित्र लटकलेलं असलं की पापड्या घरात. आणि खरोखरच दुपारी पाऊस पडायचा. आता सकाळी टोपी दिसली की दुपारी पाऊस येतो हे डोंगराकडे बघणाऱ्या कुणालाही सांगता आलं असतं, पण डोंगराकडे बघतो कोण? लोक दोरीकडे बघत. त्यातून एकदा पाकांना सर्दी झाली, चित्र निघालं नाही, आणि दिवसभर ऊन पडलं. झालं! ‘ते चित्रात पाऊस बघून काढतात’ याचं ‘ते चित्र काढून पाऊस पाडतात’ व्हायला भज्यांचा एक घाणाही पुरला.

आणि नेमकं याच वेळी पाक एर्तेंच्या वेनिंगचं लग्न ठरलं.

वेनिंग ही गल्लीची लाडकी पोरगी. पाकांना ‘पाकदे’ म्हणायची, म्हणजे मोठे काका. पाकांना मूलबाळ नव्हतं. लहानपणी तिनं त्यांच्याच ओसरीवर बसून दोन डोंगरांची चित्रं काढली होती. लग्न भर फेब्रुवारीत, मांडव गल्लीतच, आणि नवरदेवाकडची मंडळी थेट सेमारांग शहरातून येणार. आमच्याकडे पावसाळ्यात लग्न म्हणजे पाऊस अडवणारा बोलवावाच लागतो. तसे म्बाह जाइमुन आले. म्बाह म्हणजे आजोबा, आणि वयही तेवढंच, डोक्याला काळी टोपी, तोंडात लवंगेची विडी. त्यांनी खराटा उलटा करून मांडवापाशी रोवला, काड्यांच्या टोकांना लाल मिरच्या आणि लहान कांदे टोचले. मग रिवाजाप्रमाणे नवरीचं एक आतलं वस्त्र छपरावर भिरकावलं. ते छपरावर राहायचं सोडून वाऱ्यानं उचललं आणि कुठं गेलं ते कुणाला दिसलं नाही. म्बाहांनी नाक वर करून हवा हुंगली.

“या गल्लीत,” ते म्हणाले, “कुणीतरी पावसाला बोलावतंय.”

सगळ्यांच्या माना एकदम पाक वार्दोयोंच्या गच्चीकडे वळल्या. तिथं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाऊसच पाऊस लटकत होता.

तातडीची बैठक भरली. पाक एर्ते मुखिया आणि वधूपिता अशा दोन्ही नात्यांनी हजर होते, त्यामुळे विरोध असा नव्हताच. ठराव आला, की लग्न पार पडेपर्यंत गल्लीच्या पश्चिमेकडे ढग काढण्यास मनाई राहील.

“पांढरे ढग चालतील का?” पाकांनी विचारलं. मुद्दा रास्त होता.

पाक एर्तेंनी म्बाहांकडे बघितलं. म्बाहांनी विडीचा झुरका घेऊन विचार केला. “मूठभर कापसाएवढे चालतील. करडे नकोत. खालून काळे तर अजिबात नकोत.”

“आणि धुकं?”

“पाक वार्दोयो!” पाक एर्ते कळवळून म्हणाले. “माझ्या पोरीचं लग्न आहे हो! सेमारांगचे लोक चिखलात उभे राहून जेवणार का? उद्या तिला सासरी ऐकवतील, तुझ्या गावात नुसता चिखल!”

पाऊस आपल्या कुंचल्यातून येत नाही हे त्यांना माहीत होतं. पण समजा आलाच, तर गल्ली काय म्हणेल हेही माहीत होतं. घरी बू वातिनीनं उरलंसुरलं सांगून टाकलं. लग्नाच्या स्वयंपाकाला गल्लीतल्या सगळ्या बायका जमतात, त्यांची म्होरकी ती. “मला याच गल्लीत राहायचंय,” ती म्हणाली. “चार बायकांत बसून कांदे चिरायचेत. वेनिंगच्या मांडवात पाणी शिरलं तर माझ्याशी कुणी बोलायचं नाही, आणि मी तुमच्याशी.” तिनं रंगाची पेटी उचलून केसांच्या ड्रायरशेजारी कुलूपबंद केली.

त्याच दिवशी दुपारी वेनिंग आली. लग्नाच्या फराळाचा डबा घेऊन. गच्चीवरच्या पायरीवर लहानपणीसारखी बसली.

“पाकदे, मला एक चित्र द्याल? आपलं ते. मध्ये सूर्य असलेलं. मांडवाच्या दारात लावीन. सगळ्यांचा धीर बांधला जाईल.”

पाकांचा जीव नुसता पाणी पाणी झाला. त्या पोरीनं काहीही मागितलं असतं तर त्यांनी दिलं असतं. पण सूर्य! “बाळ,” ते म्हणाले, “तिथं नाहीये तो. नसलेला कसा काढू? सगळ्यांसमोर बोललोय मी.”

वेनिंग उठली. डबा ठेवला, झाकण नीट बसवलं आणि गेली. पाकांनी त्या डब्यातलं काही खाल्लं नाही. एवढं खरं बोलूनही माणसाला इतकं वाईट का वाटावं, हे त्यांना उमगेना.

लग्नाचा दिवस उजाडला तो लख्ख. मिरच्या चमकत होत्या. म्बाह जाइमुन मांडवाच्या दारात खुर्ची टाकून बसले होते आणि येणारा जाणारा त्यांना वाकून नमस्कार करत होता. पाक नवा बातिकचा सदरा घालून निघालेच होते. जाता जाता नुसतं एकदा बघून यावं म्हणून ते गच्चीवर गेले, आणि तिथंच खिळले.

सुंबिंगनं त्या दिवशी टोपीवर टोपी आणि तिच्यावर आणखी एक टोपी घातली होती. तीन गोल, गुळगुळीत ढग, एकावर एक, मधून उन्हाची फट. पाकांच्या आयुष्यात त्यांनी असं काही बघितलं नव्हतं. आणि ते ढग हलत नव्हते! सुंबिंग पहिल्यांदाच त्यांच्यासाठी एका जागी बसला होता. पाकांनी डोळे मिटले, ठराव आठवला, वेनिंग आठवली, पुन्हा उघडले. ढग तिथंच.

रंग कुलपात होते. पण रिकाम्या हातालाही वाट सापडते. सकाळच्या कॉफीचा पेला कठड्यावर होता, तळाशी दाट काळा गाळ. धुण्याच्या दगडाजवळ निळीची पुडी होती. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं की कोरं. कुंचला नव्हता म्हणून त्यांनी बोटच घातलं गाळात. ‘पाऊस नाही काढत,’ त्यांनी स्वतःला बजावलं, ‘नुसत्या टोप्या काढतो.’ पण खिंडीतून काळोख वर चढायला लागला होता, आणि जे दिसतं ते काढायचं हा तर नेम. दिसलं ते सगळं काढलं. शेजारच्या अँटेनावर काहीतरी पांढरं फडफडत होतं. बगळा असावा. तोही काढला.

तेवढ्यात वारा आला. पान हातातून सुटलं, गिरक्या घेत गल्लीवर गेलं आणि पाकांच्या डोळ्यांदेखत मांडवाच्या फटीतून आत उतरलं. पाक जिने उतरून धावत पोचले तेव्हा ते वऱ्हाडाच्या मधोमध, म्बाह जाइमुन यांच्या मांडीवर पडलेलं होतं. कॉफी अजून ओली होती. सगळी गल्ली ते चित्र बघत होती.

“हे खालून काळं आहे,” म्बाह शांतपणे म्हणाले.

“आणि हा कसला बगळा?” बू यायुक पुढं वाकली. तिनं चित्राकडे बघितलं, मग बाहेर अँटेनाकडे बघितलं, आणि तोंडाला ओढणी लावली. “अगं बाई! पाक, तो बगळा नव्हे हो!”

वेनिंगच्या आईनं कपाळाला हात लावला, आणि त्याच क्षणी आभाळ फाटलं.

आता पुढचं किती सांगायचं! मांडवाच्या कापडात पाणी साचून वर म्हशीच्या पोटासारखे फुगे लोंबायला लागले. जो तो बांबूनं ते वर ढकलत होता. प्रायश्चित्त म्हणून पाकांनीही बांबू घेतला आणि सगळ्यांत मोठ्या फुग्याला मनापासून ढुशी दिली. पाणी गेलं, पण बाहेर नाही गेलं. ते सबंधच्या सबंध सेमारांगच्या व्याह्यांच्या डोक्यावर गेलं. व्याही भाताची ताटली हातात धरून उभेच राहिले. भात वाहून गेला, अंडं तेवढं राहिलं. वीज गेली, गाणं बंद पडलं. पायांखाली चिखल. गल्लीतला एकही माणूस पाकांशी बोलत नव्हता. बू वातिनी मोठ्या पातेल्यामागून नुसती बघत होती, आणि त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पडद्याआड वेनिंग सोन्याच्या मुकुटासकट खाली मान घालून बसली होती. पाकांना वाटलं, रक्तदाबानं आत्ताच आपलं काम करून टाकावं. इतकं काही त्यांनी आयुष्यात कुणाचं बिघडवलं नव्हतं.

शेवटी दिवस कलताना पाऊस दमला. थांबता थांबता वाऱ्याचा एक तडाखा आला आणि मांडवाचा पश्चिमेकडचा अख्खा पडदा दोऱ्या तोडून उडाला. बायका किंचाळल्या. पाक एर्तेंनी ‘झालं, हेच राहिलं होतं’ म्हणायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं.

समोर डोंगर होते. पावसानं धुतलेले, इतके स्वच्छ आणि इतके जवळ, की माथ्यावरची एकेक घळ मोजावी. सगळे ढग वर उचलले गेले होते, आणि दोघांच्या मध्ये, बरोबर मधोमध, एका केसाचा फरक नाही, सूर्य होता. लाल, मोठा, किरणांसकट. त्याच्या पायाशी ओला रस्ता सोन्यासारखा पेटला होता आणि रुंद होत होत थेट मांडवापर्यंत आला होता. दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेली खाचरं, आणि प्रत्येक खाचरात एकेक सूर्य. वरून बगळे चालले होते. या खेपेला खरे बगळे.

सबंध वऱ्हाड चिखलात उभं होतं, हातांत ताटल्या धरून, आणि सगळ्यांच्या तोंडांवर तो उजेड पडला होता. सेमारांगच्या व्याह्यांच्या केसांतून पाणी ठिबकत होतं, ते पुसायचं विसरले. भज्यांच्या झाऱ्यासकट आलेली बू यायुक हळूच म्हणाली, “आपण काढायचो तसंच आहे की हो.” आणि तिला रडूच आलं. मग बघतो तर बरेचजण रडत होते. लहानपणापासून ज्याला त्याला ठाऊक असलेलं, खोटं म्हणून सोडून दिलेलं चित्र समोर खरं होऊन उभं होतं.

वेनिंग पडदा सारून बाहेर आली. मुकुट सावरत, बातिकच्या वस्त्राचा काठ चिखलात ओढत, पाकांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“पाकदे, काढा ना.”

पाकांना समोरचं नीट दिसत नव्हतं. त्यांनी बाहीनं डोळे पुसले. “थांब बाळ,” ते म्हणाले. “आधी बघू दे.”

सूर्य खिंडीत उतरेपर्यंत दोघं तशीच उभी होती. नंतर म्बाह जाइमुन खुर्चीवरून उठले, टोपी झटकली आणि म्हणाले, “मी आधीच सांगितलं असतं, पण कुणी विचारलं नाही. पाऊस नेमका वेळेवर हलवावा लागतो.” पाक एर्तेंनी त्यांचे हात हातांत घेतले. सेमारांगचे व्याही तर परत जाईपर्यंत ज्याला त्याला सांगत होते, की असं लग्न आपल्याकडे होणं नाही.

पाक वार्दोयोंनी शब्द पाळला. चौकीच्या भिंतीवर त्यांनी दोन डोंगर काढले, मधोमध सूर्य काढला, रस्ता, खाचरं, चार पक्षी. खाली हातभर अक्षरांत नाव घातलं. स्पर्धेचे परीक्षक आले तेव्हा त्यांतला एक हसून म्हणाला, “हे काय, शाळेतल्या पोरांकडून करून घेतलंत का?” पूर्वी पाकांना हे झोंबलं असतं. आता बोलायची वेळच त्यांच्यावर आली नाही. बू यायुक झारा घेऊन पुढं झाली. बक्षीस शेजारच्या गल्लीला गेलं.

त्या संध्याकाळी पाक भिंतीसमोर उभे होते. बू वातिनी भाजीची पिशवी घेऊन आली, थांबली, आणि भिंत बारकाईनं बघून म्हणाली, “लग्नाच्या दिवशी असा होता. आता तो उजवीकडे सरकला असेल. दरवर्षी सरकतो.”

“दरवर्षी?” पाक गर्रकन वळले. “तू बघितलायस?”

“धुणं काढायला कोण जातं गच्चीवर? पाऊस उघडला की कितीदा दिसतो.”

“अगं, मग सांगितलं का नाहीस? त्या बैठकीत मी सगळ्यांसमोर—”

“सांगणारच होते. तुमचं भाषण चाललं होतं, मग चहा आला.” तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “आणि खरं सांगू का, मला वाटायचं, तो फक्त मलाच दिसतो. एवढं मोठं काही रोज होत असतं तर कुणीतरी बोललं नसतं का?”

पश्चिमेकडे ढग फाटायला लागले होते. त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघं घाईघाईनं घरी निघाली. गच्चीवर एकच खुर्ची होती. बू वातिनी खाली जाऊन दुसरी घेऊन आली.